शेवंतीचा पहारा

चहा आधी संपवा आणि कप खाली ठेवा. कारण हे ऐकताना माणसं हसतात, आणि समोर कोणी एकदम हसलं की मी दचकते, आणि मी दचकले की कुणाचा ना कुणाचा चहा सांडतो. मागच्या वेळी मोठ्या बहिणीच्या साडीवर सांडला होता. तर एका अख्ख्या अंगणाचं मी कसं वाटोळं केलं, ती ही हकीकत. आळशीपणाने नाही हं. जिवापाड काळजी घेऊन केलं. काळजी कमी घेतली असती तर सगळं नीट झालं असतं.

मी मूळची भंडाऱ्याची. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. साऱ्या विदर्भातून माणसं येतात, कागदांच्या पिशव्या छातीशी धरून, आणि मला विचारतात, "मॅडम, नंबर कधी लागन?" मी इतक्या घाबऱ्या आवाजात उत्तर देते की शेवटी पेशंटच मला म्हणतात, "होईन सगळं बरोबर, टेन्शन नका घेऊ." कुकरच्या शिट्टीला मी दचकते. फोन वाजला की दचकते, आणि नाही वाजला की का वाजला नाही म्हणून दचकते. आणि हो, रात्री दिवा लावून झोपते. अंधारात मला झोप येत नाही.

मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, निर्मलाकाकूंच्या घरी, तळमजल्यावर मागच्या बाजूला माझी भाड्याची खोली आहे. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, लेक पल्लवीताई पुण्यात असते, आणि काकू एकट्या, पण चार माणसांचा आवाज असलेल्या. माझा दिवा त्यांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आला.

"काहून वं, रातभर लाइट सुरू ठेवते? अंधारात वाघ येते का तुले खायले?"

"वाघ नाही काकू, विचार येतात."

"मंग बंद कर ना. उजेडात तं त्या विचाराले तू बरोबर सापडून राहिली."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून ही वेळ आली.

काकूंच्या घराच्या बाजूला, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, जमिनीचा एक लांबट पट्टा आहे. सकाळपासून कलत्या दुपारपर्यंत तिथे ऊन नुसतं पसरून बसलेलं असतं. आणि ओलही तिथेच. उन्हाळाभर हॉलच्या कूलरचं पाणी तिकडे उतरतं, गच्चीवरची टाकी भरून वाहिली की तीही तिकडेच गळते. माती काळी, मऊ, पायाखाली किंचित दबणारी. चपला काढून उभं राहिलं की वाटतं, आपणही थोड्या वेळात रुजू.

त्या पट्ट्यात काकूंची शेवंती. पिवळी, टपोरी, घर बांधलं तेव्हापासूनची. तिचं रोप दर वर्षी आणावं लागत नाही. फुलून झाली की काकू तिला बुडापासून कापतात, ती मातीत निजते, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी बुडातून हिरवे फुटवे डोकं वर काढतात. बाकीची फुलझाडं पावसाळ्यातच फुलून मोकळी होतात. शेवंतीला घाईच नाही. दसरा जातो, दिवाळीच्या पणत्या धुऊन माळ्यावर जातात, स्वेटरला डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो, आणि मग ती सावकाश डोळे उघडते. मला ती फार आवडायची. उशिरा फुलणाऱ्या जिवांबद्दल मला आपुलकी आहे, घरचे मला त्याच वर्गात घालतात.

तर मागच्या वर्षी, जूनमध्ये, पल्लवीताईंना दिवस राहिलेले आणि डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितलेली. काकू पुण्याला निघाल्या. जाताना ऑटो दारात उभा, आणि काकू शेवंतीपाशी.

"पल्लवीच्या पाळण्याले या आंगणातली शेवंती होती," त्या म्हणाल्या. "तिच्या लेकराच्या पाळण्यालेही हेच पाहिजे. बारसं इथंच करू, थंडीत. बाजाराचं एक फूल लागू देणार नाही मी. पाणी देशील ना बरोबर? डबकं नको करू. बाकीचं मी पाहून घेईन."

आता माणसाने फक्त "हो" म्हणावं. मी काय म्हणाले? "काकू, अख्खा पाळणा पिवळा करून दाखवते."

का म्हणाले? कारण मला आजवर कोणी काही सोपवलं नव्हतं. घरी आई मला गॅसचं बटणसुद्धा बंद करू देत नाही, परत येऊन स्वतः बघते. आणि या बाईंनी चाळीस वर्षांची... बरं, चाळीस असतील की तीस, पण आयुष्यभराची शेवंती माझ्या हातात दिली होती. ऑटो गेल्यावर मी तिथेच मातीत बसले आणि डोळे मिटून तो पाळणा पाहिला. पिवळाधमक. आत बाळाचं नाक. झुलणाऱ्या हारांचा कडवट-गोड वास. आणि बाजूला उभी मी, सगळे मला विचारताहेत, "तू केलं वं हे?"

ते स्वप्न मी पुढे रोज पाहिलं. स्वप्न पाहण्यात मी कधी कसर ठेवत नाही.

सुरुवात छान झाली. पाऊस आला, फुटवे वर आले, मी दवाखान्यात जाण्याआधी प्रत्येक रोपाशी जाऊन थोडं बोलायचे. आणि एका सकाळी पाहते तर पहिल्या ओळीतल्या झाडांचे शेंडे गायब.

किंचाळले मी. भिंतीपलीकडून मेश्राम काकांचं डोकं वर आलं. काका वीज खात्यातून रिटायर झालेले, गळ्यात टेस्टर अडकवूनच चहा पितात.

"का झालं वं?"

"काका, शेंडे! शेंडे गेले."

काका चष्मा लावून आले, वाकले, आणि पोलिसासारखं "हं" म्हणाले. "गाईनं नाही खाल्ले. गाय ओरबाडते. बकरी तं बुडखाही ठेवत नाही. हे नखानं खुडलेलं आहे. पाह्य, एकदम साफ."

"पण शेंडे कोण चोरेल?"

"ज्याले या जातीचं कलम पाहिजे तो. निर्मलाबाईची शेवंती अख्ख्या लेआउटमध्ये फेमस आहे. कोणीतरी वंशच घेऊन जाऊन राहिला."

वंश हा शब्द ऐकल्यावर मी उरलेले शेंडे मोजायला घेतले. मागे मेश्राम मावशी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. हो, काका आणि मावशी नवरा-बायको आहेत, मी नाती अशीच लावते.

"जाऊ द्या ना," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "शेंडेच तं गेले. झाड आहे ना जागेवर."

"आज शेंडे गेले, उद्या पाण्याची मोटर जाईन," काका म्हणाले. "तुले चोराचं मानसशास्त्र समजत नाही."

मावशी पुन्हा मेथीत गेल्या. त्यांचा चेहरा मला तेव्हा फार निर्विकार वाटला. मनात म्हटलं, किती शांत बाई, आपणही असं व्हावं.

पुढच्या दोन महिन्यांत हे थांबेना. शेंडा फुटायचा, बोटभर वाढायचा, आणि एका सकाळी नाहीसा. मी काटेरी फांद्या रोवल्या. कुत्र्यापासून सावधान अशी पाटी लावली, कुत्रा नसताना. ती पाटी पाहून दूधवाला आठवडाभर फाटकातूनच पिशवी फेकत होता. काकूंना फोनवर काही सांगितलं नाही. पल्लवीताईंची तब्येत नाजूक, त्यात ही शेंड्यांची बातमी कशाला? काकू रोज विचारायच्या, "झाडं कसे आहेत?" मी म्हणायचे, "मजेत." फोन ठेवल्यावर पाणी प्यायचे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काकांनी निकाल लावला. गल्लीतून पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी चालली होती, घुंगरं वाजत होती, आणि काका स्वतःच्या गच्चीच्या टोकाला, कठड्यावर शिडी लावून, आमच्या पट्ट्यावर तिरका झोत पडेल असा एक हॅलोजन बसवत होते. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात मांडवासाठी आणलेला.

"अंधार पडला का आपोआप लागते, उजाडलं का आपोआप बंद. चोर आला तं त्याच्या कपाळावरची आठीही दिसन."

संध्याकाळी तो लागला. काय सांगू, अंगणाचं क्रिकेटचं मैदान झालं. पानापानाची शीर दिसत होती. ओल्या मातीवरून पांढरी वाफ तरंगत होती, आणि सगळं असं चंदेरी, अधांतरी, की मी खिडकीशी उभी राहून बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीला बाहेरून पुरेसा उजेड होता.

आणि गंमत बघा. त्या दिवसापासून चोरी बंद. एकही शेंडा हलला नाही. एकही.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "एका बल्बात गुन्हेगारी खतम."

मी त्यांना पेढे दिले. मावशींनी पेढा घेतला, माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, काहीतरी बोलणार होत्या, पण पेढा तोंडात होता.

आता झाडं वाढायला लागली. आणि वाढतच राहिली. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्या, गुडघ्याच्या वर. गणपती गेले, मांडीपर्यंत. पानं अशी गर्द, रसरशीत, की मला अभिमान वाटायचा. दसऱ्याच्या सुमाराला पुण्याहून बातमी आली, पल्लवीताईंना मुलगी झाली. मी अंगणात जाऊन शेवंतीला सांगितलं. "आता तुमची वेळ," म्हटलं. त्या डोलल्या. वारा होता.

दिवाळी झाली. लेआउटमध्ये कोपऱ्यावरच्या घरी कुंडीतल्या मरतुकड्या शेवंतीला मण्यांसारख्या कळ्या आल्या. आमच्याकडे? हिरवळ. कमरेइतकी. माझ्या स्वप्नातल्या पाळण्याला आता फुलं दिसेनात, नुसतं कुंपण दिसायचं, आणि बाळ आतून विचारायचं, "मावशी, बाहेर कसं यायचं?"

"कळ्या आल्या का वं?" काकू फोनवर.

"पानं फार सुंदर आली आहेत काकू."

"पानाचं काय करू मी? भाजी?"

बारशाचा दिवस ठरला होता. मला जेवण जाईना. दवाखान्यात एका आजोबांना मी नंबराऐवजी "कळ्या अजून नाहीत" असं सांगितलं. ते बिचारे "बरं" म्हणून बसले.

आणि मग एका सकाळी चमत्कार. हॉलच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर काकूंचा तो जुना, खोलीएवढा कूलर उभा असतो, थंडीत त्याच्यावर ताडपत्री. त्याच्या लगतच्या झाडांना कळ्या! गच्च. पण फक्त तेवढ्याच. एखाद्याने पट्टी ठेवून आखावा तसा चौकोन. चौकोनाच्या आत कळ्या, बाहेर एक नाही. एक झाड तर अर्धं आत होतं, अर्धं बाहेर. आतल्या अर्ध्याला कळ्या, बाहेरचं अर्धं हिरवं ठार.

मी काकांना बोलावलं. आम्ही दोघं त्या चौकोनासमोर देवळात उभं राहावं तसे उभे राहिलो.

"कूलर," काका शेवटी म्हणाले.

"कूलर," मीही म्हणाले. कारण दुसरं होतंच काय तिथे?

"उन्हाळाभर इथं कूलरचं पाणी मुरलं. कूलर लोखंडाचा. गंजलेला. म्हणजे पाण्यात लोह. जसं बाईमाणसाले डॉक्टर गोळ्या देते, तसं झाडाले भेटलं."

मी दवाखान्यात काम करते. लोहाच्या गोळ्यांवर माझा विश्वास आहे. मला हे इतकं पटलं की डोळे भरून आले.

आता पुढचं तुम्हीच ओळखा. बाकीच्या झाडांना कूलरचं पाणी हवं. कूलरचं पाणी हवं म्हणजे कूलर चालायला हवा. त्या जुन्या कूलरचा पंप आणि पंखा एकाच बटणावर. म्हणजे नागपुरात ऐन थंडीला सुरुवात झालेली, लोक कानटोप्या घालून दूध आणायला निघालेले, आणि मी काकूंच्या हॉलमध्ये स्वेटर, शाल आणि दोन मोज्यांच्या जोड्या घालून कूलर लावून बसलेली. खाली पाइप जोडून ते गंजाचं पाणी एकेका ओळीत सोडत होते. कूलरचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. उडण्याच्या तयारीतलं विमान.

लेआउटमध्ये बातमी पसरायला वेळ लागला नाही. फाटकाबाहेरून जाणाऱ्या बायका थांबून म्हणायच्या, "निर्मलाबाईची भाडेकरू थंडीत कूलर लावून राहिली वं. भंडाऱ्याची आहे म्हणते." जणू भंडाऱ्यात हेच करतात.

मेश्राम मावशी मात्र आत आल्या. "पोरी, न्युमोनिया होईन. कोणं सांगितलं हे?"

"काकांनी."

मावशींनी कपाळाला हात लावला. पुन्हा काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी दचकून पाइप सोडला, तो त्यांच्या पायावर. त्या ओल्या साडीने घरी गेल्या.

फोन काकूंचा होता. व्हिडिओ कॉल.

"तिथं आवाज कशाचा येऊन राहिला?"

"मिक्सर, काकू."

"एवढा वेळ? काय वाटून राहिली?"

"चटणी."

"अन् केस काहून उडून राहिले तुये?"

मी म्हटलं, नेटवर्क.

सर्दी झाली ती झालीच. काउंटरवर मी इतकी शिंकले की रांगेतला एक माणूस म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही नंबर लावून घ्या." आणि कळ्या? चौकोनातल्या फुलायला लागल्या. बाहेर एकही नाही. उलट जास्त पाण्याने खालची पानं पिवळी पडली. पिवळं करून दाखवते म्हटलं होतं, ते असं खरं होऊ लागलं.

काकू बारशाच्या चार दिवस आधी आल्या. तिन्हीसांजेला ऑटो थांबला, आधी पल्लवीताई उतरल्या, मग काकू, काकूंच्या छातीशी दुपट्यातलं ते एवढंसं गाठोडं. काकूंनी फाटकातूनच पट्ट्याकडे पाहिलं. कमरेइतकं हिरवं रान, आणि मध्ये एक पिवळा चौकोन. त्या काही बोलल्या नाहीत. काकू बोलल्या नाहीत म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही. घरात फ्रिज बंद पडल्यावर जशी एकदम शांतता कळते, तशी कळली.

मी चहा केला. त्यात साखर दोनदा घातली.

आणि बाळ रडायला लागलं. थांबेचना. पाजलं, थोपटलं, मांडीवर घेतलं. डोळे मिटायचं आणि पुन्हा उघडून बघायचं, कोणी फसवल्यासारखं.

"आई, या खोलीत एवढा उजेड कुठून येऊन राहिला?" पल्लवीताई म्हणाल्या. पडद्यातून पांढरा झोत थेट पलंगावर पडला होता.

काकू उठल्या. शाल घेऊन बाहेर गेल्या. मी मागे. पट्ट्याच्या टोकाला उभं राहून त्यांनी आधी वर गच्चीकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरून. मग झाडांकडे. मग कूलरकडे. मग कूलरच्या सावलीकडे.

सावली. हॅलोजनच्या झोतात कूलरची सावली झाडांवर पडली होती. काळी, मोठी, चौकोनी. आणि त्या काळोखात, बरोबर तेवढ्यात, शेवंती फुललेली होती.

"हा लाइट कधीपासून आहे?" काकूंनी अगदी हळू विचारलं.

"तान्ह्या पोळ्यापासून."

"रोज?"

"रोज काकू. एकदाही चुकवला नाही." हे मी अभिमानाने म्हणाले, हे कबूल करायला हवं.

"अन् रातभर?"

"उजाडेपर्यंत."

काकू खाली बसल्या, तिथेच ओल्या मातीवर. मला वाटलं रडताहेत. शाल हलत होती. मग कळलं, हसताहेत.

"वं माय माझे," त्या म्हणाल्या, "शेवंतीले अंधार लागते. रात मोठी व्हायला लागली का तिले समजते, का आता आपलं फुलाचं आलं. तू तं रातच होऊ नाही दिली. ती माझी नात पाह्य, घंटाभर झोपली नाही तं घर डोक्यावर घेतलं तिनं. अन् या बिचाऱ्या पोळ्यापासून जाग्या आहेत."

मी त्या झाडांकडे पाहिलं. खरंच, ती सगळी तारवटलेली दिसत होती. अगदी माझ्यासारखी.

"पण काकू, चोर..."

"कोणता चोर?"

भिंतीपलीकडे काका उभे होतेच. त्यांनी शेंडेचोराची सगळी केस मांडली, नखाच्या पुराव्यासकट. ते बोलत असतानाच मागून मावशींचा आवाज आला.

"मी होते तो."

"का म्हणून राहिली?" काका.

"मीच खुडत होते. निर्मलाबाईनं फोनवर सांगितलं होतं. शेंडे खुडले का बाजूनं फुटवे येतात, झाड भरते, फुलं जास्त लागतात. सकाळी दूध आणायले जाता जाता खुडत होते."

"मी सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "ही पोरगी कात्री पाहूनच घाबरन, म्हणून म्हटलं तिले नको सांगू."

"अन् मले काहून नाही सांगितलं?" काका.

"तुमाले सांगतलं असतं तं सकाळच्या नवाच्या आत लेआउटले माहीत झालं असतं. अन् तुम्ही हॅलोजन लावला तेव्हा तं माझं काम झालंच होतं. तान्हा पोळा झाला का शेंड्याले हात लावायचा नसते, मंग कळीचा वेळ येते."

म्हणजे चोरी बंद झाली ती हॅलोजनमुळे नाही. हंगाम संपला म्हणून. आणि काकांनी लग्नाचा मांडव उजळणारा दिवा लावून जिच्यावर पहारा बसवला होता ती त्यांच्याच घरी त्यांना पोळ्या वाढत होती. काका गळ्यातला टेस्टर चाचपत राहिले, मग मुकाट्याने गच्चीवर गेले. दिवा विझला.

आणि एकदम रात्र झाली. किती दिवसांनी झाली त्या अंगणात. आधी काही दिसेना, मग हळूहळू आभाळ दिसलं, भिंतीची कड दिसली, ओल्या मातीचा वास आला, जणू उजेडाने तोही दाबून ठेवला होता. घरात बाळ गप्प झालं. मी घाबरायला हवं होतं, पण विसरले.

बारशाला काकूंनी शब्द पाळला. बाजारातलं एक फूल आणलं नाही. कूलरच्या सावलीत फुललं तेवढ्याचा एक हार पाळण्याच्या पुढच्या दांडीला, बाकी सगळीकडे शेवंतीची पानं. हिरवा पाळणा. पाहुण्यांना काकूंनी सांगितलं, "हे नवीन डिझाइन आहे, दवाखान्यातल्या मॅडमनं केलं." मी स्वयंपाकघरात लपले. बाळाची आत्या पुण्याहून नाव ठरवून आली होती, उज्ज्वला. काकू म्हणाल्या, "नको बापा, उजेड लय झाला आमच्या घरी." नाव रजनी ठेवलं. बाळ सगळा कार्यक्रम झोपून होतं.

पाहुणे पांगल्यावर काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता तूही लाइट बंद करून झोपत जा वं. पाहून राहिली ना काय होते ते?"

"हो काकू," मी म्हणाले. "आजपासूनच."

आणि मग सगळ्यांना सांगत सुटले. आईला फोन करून सांगितलं, मी आता अंधारात झोपते. दवाखान्यात सांगितलं. काकू रोज सकाळी विचारायच्या, "झोप लागली?" मी म्हणायचे, "मस्त."

पौषात, जेव्हा कोणाकडे लग्न नसतं, सण नसतो, हार कोणाला नको असतात, तेव्हा काकूंच्या अंगणातली शेवंती फुलली. सगळी. एकदम. कमरेइतक्या उंच झाडांवर पिवळं धुकं उतरल्यासारखं. सकाळच्या उन्हात दव चमकत होतं, मधमाश्या इतक्या की पट्टा गुणगुणत होता. रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून बघत होती. काकूंनी लेआउटभर टोपल्या वाटल्या, फाटकापाशी दूधवालाही फुलं घेऊन गेला. मी त्या पिवळ्यात उभी राहिले आणि मला वाटलं, चला, उशिरा का होईना, झालं. कोणालाच काही सिद्ध करायचं राहिलं नाही.

काकू टोपली घेऊन ओळीच्या शेवटपर्यंत गेल्या, माझ्या खोलीच्या बाजूला. आणि थांबल्या.

"इकडं ये वं."

गेले. माझ्या खिडकीखाली, जिथे एरवी बुटकी राहणारी झाडं यंदा खिडकीपर्यंत वाढली होती, तिथे त्या सगळ्या पिवळ्यात एक तुकडा हिरवा होता. एक फूल नाही. चौकोनी. कडा अगदी सरळ. आणि त्या हिरव्या चौकोनात, ठरावीक अंतरावर, फुलांच्या बारीक बारीक उभ्या ओळी, एकाशेजारी एक, शिस्तीत.

माझ्या खिडकीच्या गजांच्या सावल्या होत्या त्या.

काकूंनी चौकोनाकडे पाहिलं. वर खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"अजून विचार येतात?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. बारशापासून मी अंधारात मस्त झोपल्याचं गावाला सांगत होते, आणि इथे माझी प्रत्येक रात्र, गजांसकट, अंगणात उगवून आली होती.